आकडा राहू दे, तिचं चुकलेलं उत्तर सांग

तुझा मेसेज वाचला. चार वर्षांची पोरगी, बुद्धिमापनाच्या टेस्टमध्ये अर्ध्या प्रश्नांना गप्प, बाकीची उत्तरं चुकली, स्कोअर खाली आला आणि आता तिच्या आईबाबांना काय सांगू म्हणून तुझी झोप उडालीय. उडू दे, जिची उडत नाही तिने या कामात येऊच नये. पण एवढ्या लांब मेसेजमध्ये तू स्कोअर दोनदा लिहिलास आणि तिने काय उत्तर दिलं ते एकदाही नाही. अगं, चुकलेलं उत्तर लिहून ठेवायचं असतं, हे किती वेळा सांगू?

१९०५ मध्ये बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने सिमोंला बरोबर घेऊन बुद्धीची अशी चाचणी पहिल्यांदा केली ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना मदत मिळावी म्हणून. बुद्धी म्हणजे जन्मभराचा ठरलेला आकडा हे बिनेला मुळीच मान्य नव्हतं. मानसिक वयाला, म्हणजे मूल किती वर्षांच्या मुलांइतकी उत्तरं देतं त्याला, खऱ्या वयाने भागायचं जर्मन मानसशास्त्रज्ञ स्टर्नने सुचवलं ते १९१२ मध्ये, आणि मग सगळे आकड्यालाच चिकटले. तरुणपणी पॅरिसमध्ये चाचण्यांच्या कामाला लागलेला पियाजे, पुढे मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारा, मात्र वेगळ्याच गोष्टीत अडकला, एका वयाची मुलं एकाच तऱ्हेने का चुकतात. त्याचं पुढचं सगळं काम चुकलेल्या उत्तरांतून उभं राहिलंय, लक्षात घे.

त्याच्याच प्रयोगातल्या बटणांच्या दोन रांगा तुला पाठच आहेत. दोन्हीत सारखीच बटणं, मग आपण एक रांग पसरून लांब करायची आणि परत विचारायचं, आता कुठे जास्त? माझ्यासमोर एका मुलाने लांब रांगेवर हात ठेवला, मी विचारलं का रे, तर म्हणाला, "तुम्ही परत विचारलंत ना, म्हणून." पहिलं उत्तर चुकलं असणार असं वाटलं त्याला! तो बटणांकडे बघतच नव्हता, माझ्या तोंडाकडे बघत होता. १९७४ मध्ये मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन या मानसशास्त्रज्ञांनी तीच रांग मोठ्या माणसाऐवजी खेळण्यातल्या एका खोडकर टेडीकडून विस्कटवली, तर कितीतरी जास्त मुलांनी 'सारखीच' असं सांगितलं. मग आधी मोजलं होतं ते काय, तूच सांग.

माझ्या रिपोर्टना सगळे पुराण म्हणायचे, एका पानात बसवा म्हणून मागे लागायचे, मी नाही बसवलं, आणि हेकट म्हणा काहीही म्हणा, आजही बसवणार नाही. कारण इतक्या लहान वयातला स्कोअर वर्षभरात बराच हलू शकतो, पण कागदावर एकदा आकडा पडला की पुढचा माणूस दुसरं काही वाचत नाही. मी लिहिलेली किती पानं अशी न वाचताच फाईलला लागली असतील याचं वाईट वाटतंच.

रडवेली होऊ नकोस. टेस्टच्या नियमाने झालेलं ते झालं, स्कोअर आहे तो राहू दे, त्यात काही फिरवायचं नाही. पण तिला परत भेट, टेस्टची पेटी न घेता. जमिनीवर बस, खेळू दे. घरी ती कोणत्या भाषेत बोलते ते विचारलंस का? अडली तर थोडी हिंट दे आणि मग काय जमलं तेही लिही, मदत मिळाल्यावर मुलाला काय जमतं तेही बघा म्हणणारा व्हायगॉट्स्की परीक्षेपुरता नव्हता वाचायचा. गप्प बसली तर कुठल्या प्रश्नाला, कोणाकडे बघत, ते लिही. चुकली तर तिचेच शब्द, जसेच्या तसे, तुझ्या शब्दांत सुधारून नाही.

आणि आईबाबांना भेटायच्या आधी ते मला पाठव. रात्री उशिरा पाठवलंस तरी चालेल.