रोज एक बियर घेतली तर तब्येतीला फायदा होतो का? मुतखडा खरंच पडतो का?

मालवणात माझं मेडिकलचं दुकान आहे. हाच प्रश्न काउंटरवर कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळा घोळ 'एक बियर' या शब्दांत आहे. अमेरिकेतल्या अभ्यासांत एक माप म्हणजे 14 ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे 5 टक्केवाली 355 मिलीची बियर. आपल्याकडे एक म्हणजे 650 मिलीची बाटली, आणि तीही बहुतेकदा स्ट्राँग. 8 टक्केवाली असेल तर पोटात 41 ग्रॅम अल्कोहोल जातं, म्हणजे जवळजवळ तीन मापं. 'मी एकच घेतो' म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो, पण हिशेब चुकलेला असतो.

थोडी पिणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो, असं जुन्या अभ्यासांत दिसायचं. पण त्यातल्या अनेकांत न पिणाऱ्यांमध्ये आजारपणामुळे दारू सोडलेलेही मोजले होते. ते वेगळे काढले की फायदा बराचसा विरून जातो. दारूमुळे कर्करोग होतो हे तर 1988 पासून मान्य आहे. तोंड, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं, बायकांमध्ये स्तन. बियर त्यातून सुटलेली नाही. 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की आरोग्याला सुरक्षित असं दारूचं कुठलंही प्रमाण नाही.

आता आपल्या किनाऱ्याचं. माझा थोरला भाऊ होडीवर जायचा. संध्याकाळी बांगडा नाहीतर तारली, आणि सोबत एक बाटली. एका पहाटे त्याचा पायाचा अंगठा लालबुंद होऊन टम्म सुजला. पंख्याच्या वाऱ्याने चादर हलून अंगठ्याला लागली तरी दादा कळवळायचा. रक्त तपासलं तर युरिक अ‍ॅसिड बरंच वाढलेलं, 9.4. बांगडा, तारली यांत प्युरिन भरपूर, आणि शरीरात प्युरिनचंच युरिक अ‍ॅसिड बनतं. बियरमध्येही प्युरिन असतं, शिवाय अल्कोहोलमुळे युरिक अ‍ॅसिड लघवीवाटे नीट बाहेर पडत नाही. म्हणून गाऊटच्या, म्हणजे युरिक अ‍ॅसिडने सांधा असा सुजण्याच्या आजाराच्या, बाबतीत बियर व्हिस्कीपेक्षाही वाईट. असे मासे आणि बियर एकाच ताटाशी आले की असं होतं, आणि आपल्याकडे ते रोज येतात.

मुतखड्याचं म्हणाल तर बियरने लघवी जास्त होते, एवढंच. लहान खडा भरपूर पाणी प्यायल्यानेही पडतो, मोठा बियरने पडत नाही. कळांसोबत ताप किंवा थंडी आली तर बाटली नको, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पीत नसाल तर फायद्यासाठी सुरू करू नका. पीत असाल तर रोज नको. कधीतरी माइल्डची 330 मिलीची बाटली, जेवणासोबत. आणि शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर रिकाम्या पोटी अजिबात नको. साखर एकदम खाली येते, आणि घाम, थरथर, बरळणं बघून घरचे म्हणतात, 'चढली असेल, झोपू दे.' अशा वेळी शुद्धीत असेल तर आधी साखरेचं पाणी पाजा, शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता दवाखान्यात न्या. हे घरच्यांनाही सांगून ठेवा.