मागच्या खोलीतला स्टार्टअप

सांगलीच्या एका वडिलांचं चार पानी पत्र आलंय. त्यांची मुलगी ट्रान्स आहे, म्हणजे जन्मावेळी नोंद मुलगा म्हणून झालेली; बारावी सायन्सला ७१ टक्के. ‘सहा लाखांचं कर्ज काढून घरीच ऑनलाइन कोडिंगचा कोर्स लावून देतो, मग तिच्या नावे सॉफ्टवेअरचा धंदा काढतो. म्हणजे कुणाला तोंड दाखवायला नको. कोर्स कोणता घेऊ?’

नमस्कार. ७१ टक्क्यांची मला अजिबात काळजी नाही. खटकलं ते ‘तोंड दाखवायला नको’. तिला स्वतःला काय करायचंय, याबद्दल चार पानांत एक ओळ नाही. पाहुणे आले की ती मागच्या खोलीत जाऊन बसते, हे मात्र तुम्ही सहज लिहून गेलात. राग मानू नका, पण हे सहा लाख तुम्ही शिक्षणावर नाही, त्या खोलीच्या दारावर घालताय.

संगणकाला स्त्री-पुरुष कळत नाही, म्हणून अशा मुलांना हे क्षेत्र बरं, असं बऱ्याच पालकांना वाटतं. कोड चालवतो संगणक, तपासतात माणसंच. रोजची मीटिंग, क्लायंटचे फोन, सहकाऱ्याने काढलेल्या चुका हे कुणाला चुकलेलं नाही. अमेरिकेतल्या ट्रान्स संगणकतज्ज्ञ लिन कॉनवेंचं उदाहरण तुम्हीच दिलंत, तर ते पूर्ण घ्या. प्रोसेसरने सूचनांचा क्रम बदलून एका वेळी अनेक कामं कशी उरकावीत, यावर त्यांनी आयबीएममध्ये मूलभूत काम केलं. लिंगबदल करणार हे कळताच १९६८ साली कंपनीने त्यांना काढलं. नव्या नावाने त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली आणि चिप डिझाइनमध्ये मोठं नाव कमावलं. पण आयबीएममधलं ते काम आपलं आहे, हे तीसेक वर्षं चारचौघांत सांगता आलं नाही. कंपनीने माफी मागितली, तीही २०२० साली. मुलीला हेच द्यायचंय का?

पत्रात एक गोष्ट ओझरती आलीय. शेजारच्या बचत गटासाठी तिने हप्ते आणि व्याज मांडायचं ॲप केलं, बायकांना ते आवडलं, आणि तुम्ही तिचं बैठकीला जाणं बंद केलंत. अहो, धंदा म्हणतात तो हाच! हप्ता उशिरा आला तर दंड कसा धरायचा, अध्येमध्ये कुणी गट सोडला तर तिचा हिशेब कसा मिटवायचा, हे बायकांमध्ये सतरंजीवर बसूनच कळतं. तिला जाऊ द्या.

शिक्षणाचे रस्ते नेहमीचेच: सीईटी देऊन इंजिनिअरिंग किंवा बीसीए, नाहीतर बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स. शक्यतो कॉलेजात जाऊन. आयआयटी मद्रासची ऑनलाइन बीएस पदवी उत्तम आहे, पण तुमच्या घरी त्या पदवीचंही मागच्या खोलीचं दार होईल अशी मला भीती वाटते.

कोर्सच्या आधी कागद. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या २०१९ च्या कायद्याखालचं ओळख प्रमाणपत्र जिल्हाधिकारी देतात, अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर करायचा. मग आधार आणि पॅन. पॅनवर २०१८ पासून ट्रान्सजेंडर हा स्वतंत्र पर्याय आहे. बँक, जीएसटी, नोकरीतली पडताळणी, सगळीकडे नावं जुळावी लागतात. केंद्राच्या ‘स्माइल’ योजनेतल्या ट्रान्स विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचीही चौकशी करा.

२०१७ मध्ये कोची मेट्रोने ट्रान्स व्यक्तींना नोकऱ्या दिल्या, तर काहींना त्या थोड्याच दिवसांत सोडाव्या लागल्या, कारण भाड्याने खोली कुणी देईना. तुमच्या मुलीला हक्काचं घर आहे. पुढच्या खोलीसकट.

कर्ज काढू नका. कोर्सचं तिलाच विचारा, आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. कॉलेजांची यादी मी तिलाच पाठवेन.