जास्तीची वीज : मीटर, पाणी आणि पाऱ्याचं चाक

प्रश्न : आमच्या गावच्या विज्ञान मंडळात एका सभासदांनी मोटार, जड फ्लायव्हील (फिरताना ऊर्जा साठवणारं चाक) आणि जनरेटर जोडलेलं यंत्र आणलं आहे. एक किलोवॅट घातले की दोन निघतात, असं ते सांगतात. क्लॅम्प मीटरवर आकडेही तसेच दिसतात. मग नाही कशाच्या आधारावर म्हणायचं? (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : नाही म्हणायची घाई नको. आधी आकडा कुठून आला ते बघा. क्लॅम्प मीटर अँपिअर, म्हणजे तारेतला प्रवाह, दाखवतो. त्याला व्होल्टेजने गुणलं की व्होल्ट-अँपिअर मिळतात, वॅट नव्हेत. २३० व्होल्ट आणि ९ अँपिअर म्हणजे २,०७० व्होल्ट-अँपिअर. पॉवर फॅक्टर (व्होल्ट-अँपिअरपैकी खरं काम करणारा हिस्सा) ०.३ असेल तर प्रत्यक्षात ६२१ वॅटच. जनरेटरला कपॅसिटर लावलेला असेल तर बराचसा प्रवाह कॉइल आणि कपॅसिटर यांच्यातच ये-जा करतो आणि आकडा फुगतो. लबाडी नसतानाही माणूस इथे फसतो, म्हणून सभासदांवर संशय घेऊ नका.

मोजायचं तर पाणी तापवा. पाच लिटर पाणी २० अंश सेल्सिअसने तापवायला ४,१८,६०० ज्यूल लागतात. यंत्राकडे येणाऱ्या विजेवर एनर्जी मीटर बसवा. त्यावर ‘३२०० पल्स/युनिट’ असं लिहिलेलं असेल, तर लाल दिव्याची एक लुकलुक म्हणजे १,१२५ ज्यूल. म्हणजे तेवढ्या पाण्याला ३७२ लुकलुकी. दुप्पट वीज खरंच निघत असेल तर १८६ मध्ये काम व्हायला हवं. मोटार-जनरेटर मिळून कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर ६२० च्या आसपास लागतील. या दोन आकड्यांत एवढं अंतर आहे की पातेल्यातून थोडी उष्णता निसटली तरी निकाल बदलत नाही.

पातेल्याभोवती थर्माकोल, वर झाकण. जनरेटरवर फक्त पाणी तापवायचा रॉड, दुसरं काही नाही. यंत्र आधी रॉडसकट दुसऱ्या पाण्यावर चालवून वेग स्थिर होऊ द्या आणि मग मोजायचं पातेलं ठेवा. थर्मामीटर बुडवण्याआधी रॉड बंद करा, पाणी लाकडी पळीने ढवळा. न ढवळता वरचं तापमान घेतलं की पाच-सात अंशांची चूक सहज होते. ही चूक सर्वांत जास्त वेळा होते आणि ती नेमकी यंत्राच्या बाजूने पडते.

फ्लायव्हीलचा हिशेबही समोर मांडा. ५० किलोचं, ६० सेंटिमीटर व्यासाचं भरीव चाक मिनिटाला १,५०० फेऱ्यांवर सुमारे २७,७०० ज्यूल साठवतं. हे २५ लुकलुकींइतकं झालं, ४० वॅटचा बल्ब साडेअकरा मिनिटं. आणि तेही आधी मोटारीनेच भरलेलं.

‘भिंतीतला प्लग काढूनही रात्रभर चालतं’ असं कोणी म्हटलं तर आत बॅटरी आहे का ते विचारा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची इन्व्हर्टरची बॅटरी भरलेली असेल तर ४० वॅटचा भार दीड दिवस सहज ओढते.

प्रश्न : प्रत्येक बैठक याच विषयात जाते. गणित दाखवलं की ‘गॅलिलिओलाही विरोध झाला होता’ असं ऐकावं लागतं. विषयच बंद करावा का? (त्याच मंडळाचे सचिव)

उत्तर : बंद करू नका, चौकटीत बसवा. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ मध्ये शाश्वत गतीची, म्हणजे बाहेरून ऊर्जा न घेता कायम चालणारी, यंत्रं तपासायची नाहीत असं ठरवलं, कारण तपासणीत वेळ जायचा आणि यंत्र बनवणारी घरं कर्जात बुडायची. पण तुमच्याकडचा माणूस आपला आहे. त्याला एक संधी न्याय्यच आहे.

प्रयोगाआधी दावा एका वाक्यात, आकड्यासकट लिहून घ्या : ‘पाच लिटर, २० अंश, २०० पेक्षा कमी पल्स.’ खाली सही घ्या. कितीला दावा फसला म्हणायचं, तेही तेव्हाच लिहा. प्रयोगानंतर ‘त्या दिवशी चुंबक थंड होते’ असं कारण आलं, तर नव्या अटीचा नवा कागद. जुना तसाच फाइलला. तिसऱ्या कागदानंतर हा विषय बैठकीबाहेर. खिल्ली कोणीही उडवायची नाही. हसणं झालं की माणूस आकड्यांकडे बघणं सोडतो.

गॅलिलिओपेक्षा जर्मन शास्त्रज्ञ वेगेनरचं उदाहरण जास्त उपयोगी आहे. खंड सरकतात हे त्याने १९१२ मध्ये मांडलं, आणि ते सरकवणारं बळ नीट सांगता न आल्याने बहुतेकांनी ते नाकारलं. पण जुळणारे किनारे, समुद्राच्या दोन्ही तीरांवरचे सारखे जीवाश्म, कुणीही जाऊन बघावेत असे पुरावे त्याने दिले होते. १९६० च्या दशकात समुद्रतळाची मोजमापं आली आणि त्याची बाजू उभी राहिली.

प्रश्न : भास्कराचार्यांनी स्वतः फिरणारं चाक लिहिलंय ना? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : हो, ‘सिद्धांतशिरोमणी’त (११५०) आहे. लाकडी चाक, सारख्या अंतरावर किंचित एका बाजूला कललेल्या पोकळ आऱ्या, त्यांत निम्मा पारा. कल्पना देखणी आहे, चाक मात्र फिरत राहत नाही. एका बाजूचा पारा आसापासून लांब जातो, पण त्याच वेळी दुसऱ्या बाजूला जास्त आऱ्यांतला पारा असतो. वळणाऱ्या बळांची वजाबाकी शून्यावर येते. करून बघायचं तर पाऱ्याची वाफ विषारी, म्हणून सायकलच्या चाकाला आठ प्लास्टिक नळ्या तिरक्या बांधा आणि प्रत्येकीत सारखे लोखंडी छर्रे घालून तोंडं बंद करा. चाकाला झोका द्या. ते थोडं फिरेल, मागेपुढे डोलेल आणि थांबेल.