आधी संपादकांना सांगा, मग वाचकांना

ताई,

बाबांना पक्षाघाताचा झटका आला, तेव्हा त्यांचं करता करता मी दर रविवारी एक न्यूजलेटर लिहायचे. औषधं, फिजिओथेरपी, जागरणं, घरातल्या कुरबुरी, सगळंच. अनोळखी लोक उत्तरं लिहायचे, काही जण दरमहा पैसेही भरायचे. मग मी थकले आणि कुणालाही काही न सांगता लिहिणं सोडलं. त्याला दीड वर्ष झालं. बाबा आता काठी घेऊन चालतात. मला नुकतीच एका दैनिकात आरोग्य वार्ताहराची नोकरी लागली आहे आणि पुन्हा लिहावंसं वाटतंय. पण कुठल्या तोंडाने वाचकांपुढे जाऊ? संपादकांना विचारलं तर ‘हिचं लक्ष कामात नाही’ असं त्यांना वाटेल. गुपचूप सुरू केलं तर चालेल का?

– एक वार्ताहर

प्रिय मैत्रिणी,

गुपचूप नको. बाकी सगळ्यात थोडं इकडेतिकडे चालेल, यात नाही. रोज नाव छापून येणाऱ्या माणसाचं न्यूजलेटर लपत नाही. संपादकांना ते आज ना उद्या कळणार, आणि ते तुमच्याऐवजी तुमच्या बीटवरच्या, म्हणजे नेमून दिलेल्या विषयातल्या, एखाद्या डॉक्टरकडून कळलं तर नव्या नोकरीत कमावायचा विश्वास सुरुवातीलाच जाईल. आधी नेमणुकीचं पत्र काढून वाचा. बाहेरच्या लेखनासाठी पूर्वपरवानगी घ्यावी, असं कलम अनेक वृत्तपत्रांच्या करारात असतं. नोकरीत असताना लिहिलेल्या मजकुरावर हक्क कुणाचा, हेही त्यात पाहा.

तुमच्या संपादकांना मी ओळखत नाही, पण त्या खुर्चीतल्या माणसाला काय खुपतं ते सांगू शकते. आपली बातमी आधी तिथे फुटेल का, ज्या विषयाची बातमी देते त्यावर ही तिकडे मतं मांडून बसेल का, आणि ऐन डेडलाइनला दमलेली असेल का. या तिन्ही शंका तुम्हीच आधी बोलून दाखवा. समोर बसून सांगा आणि मग चार ओळींची मेल टाका: ‘नोकरीपूर्वी मी घरच्या शुश्रूषेबद्दल न्यूजलेटर लिहीत होते. महिन्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी ते पुन्हा लिहायची इच्छा आहे. कामातून मिळालेली माहिती, बैठकीतली चर्चा आणि बीटवरची मतं त्यात नसतील. आपली हरकत नसल्यास लेखी कळवावे.’ असं विचारणाऱ्या वार्ताहराचं लक्ष कामात नाही, असं कुणी का म्हणेल? आणि नकार आलाच तर आत्ता तो माना. कायम झाल्यावर पुन्हा विचारा.

त्यांच्याकडे जाण्याआधी मात्र एक काम करा, आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुमचे जुने सगळे अंक पहिल्यापासून वाचून काढा. तेव्हा तुम्ही रुग्णाची मुलगी म्हणून लिहीत होतात. एखाद्या रुग्णालयाचा राग असेल, एखाद्या डॉक्टरची वारेमाप स्तुती असेल, नाव नसलं तरी ओळखू येईल इतकं वर्णन असेल. आता त्याच रुग्णालयाची बातमी तुम्हाला करावी लागू शकते आणि बातमी टोचली की समोरचा माणूस तुमचा जुना अंक शोधून काढेल. असे अंक चोरून पुसू नका. कोणते आहेत ते संपादकांना दाखवा, आणि त्या रुग्णालयाची बातमी आली की ती दुसऱ्याकडे द्यायला सांगा. लिहिल्याचा पश्चात्ताप करायचं काही कारण नाही. ते तेव्हा खरं होतं.

पुढच्या अंकांचा धोका वेगळा आहे, आणि तो दिसत नाही. समजा, दिवसभर एका वॉर्डात फिरलात. तिथल्या परिचारिकेने ‘हे छापू नका’ म्हणून औषधांच्या तुटवड्याबद्दल सांगितलं. तुम्ही छापलं नाहीत. पण रविवारी बाबांच्या गोळ्यांबद्दल लिहिताना सहज ओळ येते, ‘परवाच एक सिस्टर सांगत होत्या…’ नाव नाही, गाव नाही, तरी त्या वॉर्डातल्या लोकांना कळतं सिस्टर कोण ते. नोकरी त्या सिस्टरची जाते. त्या तुमच्याशी बोलल्या त्या वार्ताहराशी, न्यूजलेटर लिहिणाऱ्या मुलीशी नव्हे. म्हणून कामावर ऐकलेलं काहीही तिकडे न्यायचं नाही, निरुपद्रवी वाटलं तरी नाही. ड्राफ्ट झाला की एक रात्र तसाच ठेवा आणि सकाळी प्रत्येक परिच्छेदापाशी विचारा: हे मला घरी कळलं की ऑफिसात?

आता वाचक. तुम्ही समजता तसं कुणी हिशेब मागायला बसलेलं नाही. ज्यांनी तुमच्याबरोबर ते महिने काढले त्यांच्या मनात पहिला प्रश्न असेल, बाबा कसे आहेत? मग तिथूनच सुरू करा. ते काठी घेऊन चालतात, हे पहिल्याच वाक्यात सांगा. थकले होते म्हणून थांबले, हे एका वाक्यात. नोकरी लागली, आता काय लिहीन आणि काय लिहिणार नाही, हे दोन-तीन वाक्यांत. नको असेल त्याने खुशाल अनसबस्क्राइब करावं, हेही लिहा, आणि कोण गेलं ते शोधत बसू नका. माफीचा परिच्छेद नको, वाचणाऱ्याला त्यात तुमची समजूत काढावी लागते. ‘दर रविवारी’ असं वचनही पुन्हा नको. नवी बीट हातात बसायला वेळ लागतो आणि बातमी रविवार पाहून येत नाही.

थोडं तांत्रिक. ज्या सेवेवर तुमच्या वाचकांची यादी आहे, ती चालू आहे ना ते आधी बघा. न्यूजलेटर पाठवायच्या सेवांपैकी रिव्ह्यू (Revue) २०२३च्या जानेवारीत बंद पडली, टायनीलेटर २०२४च्या फेब्रुवारीत. चालू असेल तर यादी आणि सगळे अंक आजच उतरवून घ्या, आणि हे सगळं तुमच्या खासगी खात्यावर असू द्या, ऑफिसच्या नाही. दीड वर्षात बरेच पत्ते मेलेले असतात. सगळ्यांना एकदम पाठवलंत तर मेल परत येतात, विसरलेले लोक ‘स्पॅम’ दाबतात. मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांसाठी जीमेल आणि याहू यांनी २०२४पासून नियम कडक केले. तुमची यादी छोटी असली तरी तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यापर्यंत जाऊ नये, ही मर्यादा लक्षात ठेवा. म्हणजे हजारात तीन, खूप कमी आहे. म्हणून जे उत्तरं लिहायचे त्यांना आधी पाठवा, बाकीच्यांना नंतर. किती जणांनी मेल उघडली या आकड्यावर जीव टाकू नका. ॲपलच्या मेलमध्ये २०२१पासून ज्या सोयी आल्या, त्यामुळे न वाचलेली मेलही उघडलेली दिसू शकते. आलेली उत्तरं मोजा.

पैसे घेणं बंद करा. कुणाची वर्गणी अजून कापली जात असेल तर आजच थांबवा आणि न लिहिलेल्या महिन्यांचे पैसे परत करा. तेव्हा ती मदत होती. आता पैसे देणाऱ्यांत एखाद्या औषध कंपनीचा माणूस निघाला, तर तुमच्या बातमीवर बोट ठेवायला तेवढं पुरेल.

आणि बाबांना विचारा. तुम्ही लिहीत होतात तेव्हा ते अंथरुणावर होते, त्यांनी ‘हो’ म्हटलं असेलही, पण तेव्हा तुमचं नाव फार कुणाला ठाऊक नव्हतं. आता शेजारीपाजारी ते पेपरात वाचतात. जुने अंक त्यांना वाचून दाखवा आणि कोणते राहू द्यायचे, कोणते काढायचे हे त्यांनाच ठरवू द्या. ते काढा म्हणाले, तर वाचकांसाठी तिथे तसं एका ओळीत लिहून ठेवा आणि काढून टाका.

– तुमची ताई