माणसाला श्रद्धेची गरज का असते? इस्लाम काय म्हणतो?
कुरआनच्या 29व्या सूरेत (अध्यायात), अल-अनकबूतमध्ये, 65वी आयत (वचन) आहे: जहाजात बसले की लोक अगदी मनापासून फक्त अल्लाहला हाक मारतात, जमिनीवर सुखरूप आले की पलटतात. हर्णै बंदरात वाढलेल्याला ती वेगळी समजवावी लागत नाही. वारा फिरला की माझे चाचा ओठांत कलमा पुटपुटायचे, हात मात्र सुकाणूवर घट्ट. (पैगंबरांनीही आधी उंट बांधायला सांगितलंय, मग अल्लाहवर भरवसा.) ही हाक माणसात जन्मतःच असते, तिला फितरत म्हणतात. पण मला वाटतं, श्रद्धा खरी लागते ती किनाऱ्यावर. जाळं भरून आलं तर माज चढू नये, रिकामं आलं तर माणूस खचू नये. पाच वेळची नमाज म्हणूनच आहे, समुद्र शांत असतानाही अल्लाहची आठवण राहावी यासाठी.