लाईट गेली की पत्ता बदलतो: डायनॅमिक डीएनएस बांधणाऱ्याला सल्ला

लातूरला लाईट गेली की राऊटर बंद, आली की बहुतेक वेळा नवा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता. तुझ्या डायनॅमिक डीएनएस सर्व्हरला, म्हणजे नावामागचा पत्ता बदलेल तसा नोंदवणाऱ्याला, हे रोज पचवायचंय, म्हणून आधी टीटीएल बघ, म्हणजे इतरांनी उत्तर किती वेळ जपून ठेवायचं ते. दिवसभराचा ठेवलास तर लोक जुन्याच पत्त्यावर धडकत राहतील. बदलत्या नावांना ६० ते ३०० सेकंद पुरे.

अपडेटची पद्धत स्वतः शोधत बसू नकोस बाबा. आरएफसी २१३६ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात ती १९९७ पासून लिहिलेली आहे: आधी अपडेटसोबत आलेल्या अटी तपासायच्या, एक जरी चुकली तर काहीच बदलायचं नाही. नुसता आयपी बघून परवानगी देऊ नको, डीएनएस ज्या यूडीपीवरून बोलतो त्यात पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा घालता येतो. प्रत्येकाला वेगळी टीसिग की, म्हणजे अपडेटवर सही करायची गुप्त किल्ली, दे, तीही त्याच्याच नावापुरती. सहीत वेळ असते, साधारण ३०० सेकंदांचा फरक चालतो. लाईट आल्यावर स्वस्त राऊटरचं घड्याळ बरेचदा थेट १९७० दाखवतं, म्हणून आधी एनटीपीने नेटवरून घड्याळ जुळवायचं, मग अपडेट.

आणि बाइंड हा डीएनएस सर्व्हर चालू असताना त्याची झोन फाईल, म्हणजे नावांच्या नोंदींची फाईल, हाताने बदलू नको. आलेले अपडेट आधी जर्नल या वेगळ्या फाईलमध्ये जातात. मी एकदा घाईत फाईल बदलली, रीस्टार्टनंतर झोन लोडच होईना, रात्र गेली त्यात. आधी बाइंडच्या आरएनडीसी कमांडने फ्रीझ करून अपडेट थांबव, मग बदल, मग थॉ करून ते पुन्हा सुरू कर.