टॅम्पॉनची भीती नेमकी कशाची बाळगायची?

ताई, तुमची लेक पोहण्याच्या सरावासाठी टॅम्पॉन, म्हणजे पाळीचं रक्त शोषायला योनीत बसवायचा बोळा, वापरायला लागली आणि "टॅम्पॉनमध्ये शिसं, अमेरिकेत बायका मेल्या" हा मेसेज वाचून तुम्ही ते बंद करायला लावलेत. मेसेजमधल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. बायका गेल्या त्या १९८० साली, आणि त्या शिशाने गेल्या नाहीत.

आधी तेच प्रकरण सांगते. प्रॉक्टर अँड गॅम्बलने 'रिलाय' नावाचा टॅम्पॉन काढला होता. तोवरचे टॅम्पॉन बहुतेक कापूस आणि रेयॉनचे. रिलाय म्हणजे पॉलिस्टरची छोटी पिशवी, आत फोमचे तुकडे आणि कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोज, म्हणजे ओलं झालं की जेलीसारखं फुगणारं द्रव्य. तो इतकं शोषायचा की एकच बराच वेळ पुरायचा, आणि जाहिरातही त्याचीच होती. १९८० मध्ये तरण्याताठ्या, धडधाकट मुलींना अचानक सणकून ताप, उलट्या, अंगावर लाल पुरळ आणि रक्तदाब कोसळणं अशी लक्षणं दिसू लागली. हाच टॉक्सिक शॉक सिंड्रोम. हे नाव १९७८ मध्ये डेन्व्हरच्या डॉ. जेम्स टॉड यांनी दिलं होतं, तेही लहान मुलांच्या आजाराला. तेव्हा पाळीचा संबंध कुणाच्या डोक्यातही नव्हता. सप्टेंबर १९८० मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, आजारी पडलेल्या ५० जणींची निरोगी बायकांशी तुलना केली. आजारी पडलेल्यांपैकी ७१ टक्के रिलाय वापरणाऱ्या, निरोगी बायकांत फक्त २६ टक्के. काही दिवसांत, २२ सप्टेंबरला, कंपनीने माल बाजारातून काढून घेतला. त्या एका वर्षात पाळीशी जोडलेल्या ८१३ रुग्णांची नोंद झाली, ३८ जणी दगावल्या.

आता हे लक्षात घ्या. रिलाय गेला, तरी आजार पूर्ण थांबला नाही. जास्त शोषणाऱ्या इतर ब्रँडच्या टॅम्पॉनमुळेही तो होतच होता. कारण विष टॅम्पॉनमध्ये नव्हतंच. ते तयार करतो स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू, जो अनेकांच्या नाकात, त्वचेवर आणि काही जणींच्या योनीतही सहज असतो. एरवी तिथे प्राणवायू फार कमी असतो. टॅम्पॉनसोबत हवा आत जाते, रक्त तासन्तास साचून राहतं, आणि जिवाणूचा विशिष्ट प्रकार असेल तर तो विष सोडतो. बहुतेक प्रौढांच्या रक्तात त्या विषाविरुद्ध प्रतिपिंडं असतात. कोवळ्या वयाच्या मुलींमध्ये ती नसण्याची शक्यता जास्त, म्हणून तुमच्या लेकीच्या वयात काळजी घ्यायचीच.

मला सगळ्यात चीड येते ती पुढच्या दहा वर्षांची. तेव्हा एका कंपनीचा 'सुपर' दुसरीच्या 'रेग्युलर'पेक्षा कमी शोषणारा असू शकत होता, आणि गरजेपुरतं कमीत कमी शोषणारा टॅम्पॉन घ्या हा सल्ला पाळायचा तरी कसा? बॉस्टनच्या महिला आरोग्य गटातल्या एस्थर रोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सारखे आकडे सगळ्यांना बंधनकारक करा म्हणून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. नियम लागू व्हायला १९९० उजाडलं. तेव्हापासून तिथे 'रेग्युलर' म्हणजे ६ ते ९ ग्रॅम द्रव शोषणारा, 'सुपर' म्हणजे ९ ते १२.

हे ग्रॅम मोजतात कसे, तेही बघा. काचेच्या नळीत कंडोम ताणून बसवतात, त्यात टॅम्पॉन ठेवतात, बाहेरून पाण्याचा दाब देतात आणि मिठाचं, रंग मिसळलेलं पाणी तासाला ५० मिलिलिटर या वेगाने आत सोडतात. पहिला थेंब गळाला की थांबायचं, टॅम्पॉनचं वजन करायचं. रक्ताचा पत्ताच नाही! २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या संशोधकांनी मानवी रक्त वापरून २१ उत्पादनं तपासली, तेव्हा वेष्टनावरचे दावे आणि प्रत्यक्ष क्षमता यांचा मेळ बऱ्याच ठिकाणी बसला नाही.

शिशाबद्दल थोडक्यात. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या अभ्यासात ३० टॅम्पॉन तपासले, शिसं सगळ्यांत सापडलं. पण ते शरीरात शोषलं जातं का, हे त्या अभ्यासाने तपासलं नव्हतं. म्हणजे विषय मिटलेला नाही, आणि त्याने कुणी आजारी पडल्याचंही त्यात दाखवलेलं नाही. पॅड घेतले म्हणजे प्रश्न सुटला असंही समजू नका: २०२२ मध्ये दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या पर्यावरण संस्थेने भारतात मिळणाऱ्या दहा पॅडमध्ये थॅलेट, म्हणजे प्लास्टिक मऊ करणारी रसायनं, शोधली, तेव्हा सगळ्यांत अंश सापडले, 'ऑरगॅनिक' म्हणवणाऱ्यांतही. उत्पादनात काय घातलंय ते छापायला लावणं, हीच आपली मागणी असायला हवी.

लेकीला टॅम्पॉन वापरू द्या. स्राव असेल तितक्यालाच पुरणारा, सगळ्यात कमी शोषणारा घ्यायचा, हात धुऊन बसवायचा, चार ते आठ तासांत बदलायचा, पोहून आल्यावर तर लगेच. रात्री पॅड लावू दे. आणि पाळीत एकाएकी जोरात ताप, उलट्या-जुलाब, उन्हाने भाजल्यासारखं पुरळ किंवा चक्कर आली, तर टॅम्पॉन तिथल्या तिथे काढून सरळ दवाखाना गाठायचा, आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगायचं की मी टॅम्पॉन वापरत होते. हे बोलायला ती लाजणार नाही, एवढं मात्र आजच तिच्याशी बसून बोला.